तरुणांच्या वनकार्याची पारख कशी करावी

आपल्या मावळात मृगाचा पाऊस पडून गेला की घोराडेश्वराच्या टेकडीवर व भंडाऱ्याच्या डोंगरावर कुदळ-फावडे घेतलेली तरुण मंडळी दिसू लागतात. ही मुले-मुली खड्डे खणतात, रोपे लावतात आणि हवामानबदलाशी झुंजण्यात आपला वाटा उचलल्याच्या समाधानाने परततात. हा उत्साह स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु अशी मंडळी जेव्हा शेतकऱ्यांच्या एखाद्या संस्थेकडे वर्गणी, जमीन किंवा पाणी मागावयास येतात, तेव्हा त्यांच्या कार्याची पारख कशी करावी हा प्रश्न कार्यकारी मंडळापुढे उभा राहतो. नुसत्या कौतुकाने भागत नाही, तसेच नुसत्या संशयानेही भागत नाही. त्यातून जेथे जमिनीवरून, पाण्यावरून किंवा शस्त्रांच्या वावरामुळे मुलूख अस्वस्थ आहे, तेथे चुकीची पारख केवळ कार्यासच नव्हे, तर माणसांसही बाधते. सबब या पाठात आम्ही तीन गोष्टींचा विचार करणार आहोत : काय मोजावे, कसे मोजावे, आणि मोजताना काय सांभाळावे.

लावलेले आणि जगलेले

महाराष्ट्र राज्यात २०१६ च्या जुलैच्या पहिल्या तारखेस दोन कोटी रोपे लावण्याचा संकल्प झाला. पुढे २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी असे आकडे जाहीर झाले. हे सर्व आकडे लावण्याचे होते. शेतकऱ्यास मात्र पेरलेले बियाणे व खळ्यावर आलेले धान्य यांतील अंतर सांगावयास नको. कोणीही आपले उत्पन्न पेरणीच्या पायलीवरून सांगत नाही.

आमचे आयुष्य महसुली कचेरीत दप्तर सांभाळण्यात गेले. तेथे पिकाची आणेवारी, म्हणजे आजची पैसेवारी, ठरविण्याचे काम दरसाल चाले. पन्नास पैशांच्या आत पीक ठरले तर गावास टंचाईच्या सवलती मिळावयाच्या. वर ठरले तर नाही. या एका आकड्यावर गावाचे वर्ष अवलंबून असे. म्हणूनच बांधावर उभे राहून नजरेने ठरविलेली पैसेवारी आणि नेमून दिलेल्या तुकड्यातील पीक कापून, मळून, वजन करून काढलेली पैसेवारी यांत कायद्याने व व्यवहाराने फरक केला गेला. वनकार्याची पाहणी हीदेखील याच जातीची गोष्ट आहे. समारंभाचे छायाचित्र ही नजर-पाहणी होय. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर प्रत्यक्ष तुकडा मोजून काढलेला आकडा ही पीककापणी होय.

येथपर्यंतचा विचार बहुतेक वाचकांस मान्य होईल. पण तेवढ्यानेही पारख पुरी होत नाही. हे समजण्यासाठी आपल्या राज्यातील एका जुन्या कार्याचे उदाहरण घेऊ.

मेंढा गावाचे उदाहरण

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचा बहुतांश भाग वनाने व्यापलेला आहे. त्याच सुमारास तेथे नक्षलवादी शस्त्रधाऱ्यांचा शिरकाव झाला व पुढील चार दशके एका बाजूस ते आणि दुसऱ्या बाजूस पोलीस यांच्यामध्ये तेथील गोंड व माडिया गावे सापडली. अलीकडच्या वर्षांत हा संघर्ष पुष्कळ ओसरला असला, तरी त्याच्या खुणा गावोगाव आहेत.

या जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात लेखा गावाशेजारी मेंढा हे गोंड वस्तीचे छोटे गाव आहे. १९८० च्या दशकात गोदावरीवरील इचमपल्ली व इंद्रावतीवरील भोपालपट्टणम या नियोजित धरणांविरुद्ध तेथील आदिवासींची चळवळ झाली. बाबा आमटे त्या चळवळीत अग्रभागी होते. त्या काळी मेंढ्याचे देवाजी तोफा हे तरुण होते. जयप्रकाशजींच्या छात्र-युवा संघर्ष वाहिनीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल हेही त्याच पिढीचे. धरणांची योजना मागे पडल्यावर या तरुणांनी गावातच बसून विचार सुरू केला की, आपले वन आपणच राखावयाचे असेल तर काय करावे लागेल.

त्यांनी प्रथम जे केले ते रोपे लावणे नव्हे. त्यांनी अभ्यास-गट काढला. कायदा काय म्हणतो, निस्तार-हक्क कोणते, वनात काय काय उगवते, मध कसा काढला म्हणजे पोळे व माशा जगतात, अशा गोष्टी गावकरी एकत्र बसून शिकू लागले. ग्रामसभेत निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसंमतीने घ्यावयाचे असे ठरले. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलावयाचा व पुन्हा बोलावयाचे. मग नियम झाले : वनास आग लावावयाची नाही, लागली तर सर्वांनी विझवावयाची, फळझाड तोडावयाचे नाही, वनात अतिक्रमण होऊ द्यावयाचे नाही, पाळीपाळीने गस्त घालावयाची. तरुण मुलामुलींसाठी असलेले पारंपरिक घोटुल गावाने सागाच्या लाकडाने पुन्हा उभारले, तेव्हा वनखात्याने ते पाडले. आसपासच्या गावांच्या पाठिंब्याने मेंढ्याने ते पुन्हा उभे केले. शस्त्र हाती न घेता आपला हक्क सांगता येतो, हे त्या मुलखात अशा प्रसंगांतून दिसून आले.

संयुक्त वनव्यवस्थापनाची योजना राज्यात १९९२ साली आली. ती मुळात उजाड वनांसाठी होती. मेंढ्याचे वन दाट असूनही ग्रामसभेने आग्रह धरून त्यात प्रवेश मिळविला. पुढे २००६ चा वनहक्क कायदा झाला आणि त्यान्वये २००९ साली मेंढ्यास १,८०९ हेक्टरांहून अधिक, म्हणजे सुमारे साडेचार हजार एकर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क प्रथम मिळालेल्या गावांत मेंढा व शेजारचे मारदा यांची गणना होते. तथापि कागद हाती आला तरी बांबू वाहून नेण्याचा परवाना ग्रामसभेस मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत वाहतूक-परवान्याचे पुस्तक देवाजी तोफा यांच्या स्वाधीन केले. त्यानंतर गावाने स्वतः बांबू तोडून लिलावाने विकला व लक्षावधी रुपये ग्रामसभेच्या खात्यात जमा झाले.

आता वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. हल्ली तरुणांच्या कार्यासाठी जो छापील तक्ता भरून घेतात, त्यात मुख्य रकाना "लावलेली रोपे" हा असतो. या तक्त्यात मेंढ्याचे पहिल्या दहा वर्षांचे काम भरू गेल्यास जवळजवळ शून्य गुण पडतील. आणि तरीही हवामानाच्या दृष्टीने त्या कामाचे मोल मोठे आहे. असे का, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल.

कर्बाचा हिशेब

वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे निम्मा भाग कर्ब असतो. एक किलो कर्ब जळाला तर सुमारे ३.६७ किलो कर्बवायू होतो. म्हणजे ज्या झाडाचे वाळलेले वजन १०० किलो भरेल, त्याने सुमारे १८३ किलो कर्बवायू आपल्या अंगी धरून ठेविला आहे असे समजावे. एक किलो वजनाच्या रोपाने धरलेला वायू दोन किलोंच्याही आत असतो. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, रोप लावल्याच्या वर्षी हवेस म्हणण्यासारखा काहीच लाभ होत नाही. लाभ होतो तो ते वीस-तीस वर्षे टिकले तर. दुसरी, उभे असलेले शंभर किलोंचे एक झाड वणव्यापासून व कुऱ्हाडीपासून वाचविणे हे त्या घडीस शंभर रोपांच्या भारोभार ठरते.

गडचिरोलीकडे मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटविण्याची आणि तेंदूस नवी पाने फुटावीत म्हणून झुडपे जाळण्याची चाल होती. तीच आग पसरून वणवा होतो. ज्या गावाने ती चाल स्वतःहून सोडली, त्या गावाने केलेले काम रोपांच्या रकान्यात दिसणार नाही, परंतु वनात दिसेल.

बांबूचेही तसेच आहे. बांबू हे गवत असल्यामुळे योग्य रीतीने तोडल्यास बेट मरत नाही, उलट जोमाने वाढते. चालू वर्षाचे कोंब व गेल्या सालची कोवळी काठी राखावयाची, पक्की काठी जमिनीपासून वीतभर उंचीवर तोडावयाची, कंद उकरावयाचा नाही, आणि एकाच बेटास तीन-चार वर्षांनी पुन्हा हात लावावयाचा, ही सर्वमान्य रीत आहे. पाहणी करणाऱ्याने विक्रीची रक्कम विचारण्यापूर्वी दहा-वीस बेटे पाहावीत व प्रत्येकात कोवळ्या काठ्या किती राखल्या आहेत ते मोजावे. कार्य टिकणार की नाही, हे त्यावरून कळेल.

गुंठ्याची मोजणी

जेथे खरोखरच रोपे लावली आहेत, तेथे मोजणी कशी करावी याची सोपी रीत अशी. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौकोन. चाळीस गुंठ्यांचा एकर. ३३ फुटांची एक दोरी व चार खुंट्या एवढे साहित्य पुरे.

समजा, तरुण मंडळींनी दहा एकरांवर ११ फूट अंतराने रोपे लावली. एका गुंठ्यात नऊ रोपे बसतात. चारशे गुंठ्यांत ३,६०० झाली. सर्व मोजणे शक्य नसेल तर नकाशावर चारशे गुंठ्यांस क्रमांक देऊन दहा चिठ्ठ्या काढाव्या. रस्त्यालगतचे गुंठे आपण होऊन निवडू नयेत, कारण पाण्याची गाडी तेथपर्यंतच गेलेली असते. या दहा गुंठ्यांत लावलेली रोपे ९०. पैकी पहिल्या उन्हाळ्यानंतर ५४ जिवंत सापडली तर प्रमाण शेकडा ६० पडले, म्हणजे एकंदर २,१६० रोपे जगली असा अंदाज. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर त्याच गुंठ्यांत ३६ राहिली तर प्रमाण शेकडा ४०, म्हणजे १,४४०. मंडळींचा एकंदर खर्च ३,६०० ने नव्हे, तर या १,४४० ने भागावा. जो दर येईल तो खरा दर.

नांगे भरण्यासाठी मागाहून लावलेली रोपे वेगळी लिहावी, नाहीतर जुने मेलेले झाकले जाते. मोठ्या झाडांचा घेर छातीइतक्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साडेचार फुटांवर, दोरीने मोजावा. आणि शेजारचा, जेथे मंडळींनी काहीच केले नाही असा एक तुकडाही त्याच रीतीने पाहावा. पाऊसमान चांगले असल्यामुळे सगळीकडेच झाडे फोफावली असतील, तर त्याचे श्रेय मंडळींकडे देता येत नाही. तसेच अवर्षणाने सगळीकडेच झाडे वाळली असतील, तर दोषही देता येत नाही.

तंट्याच्या मुलखातील विशेष गोष्टी

तंट्याचा मुलूख म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दूरचा प्रदेश येतो. परंतु आपलाही मुलूख यापासून मुक्त नाही. शेजारच्या मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सुरू झालेला सत्याग्रह सर्वांस ठाऊक आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर मावळातील शेतकऱ्यांनी आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचे प्राण गेले आणि ते काम पुढे वर्षानुवर्षे थांबून राहिले. खुद्द देहूरोडला दारूगोळा कोठाराभोवतालच्या निर्बंधित पट्ट्यामुळे घरांचा व जमिनींचा प्रश्न लोंबकळत राहिला आहे. अशा ठिकाणी टेकडीवरचे एक रोपही कोणाच्या तरी हक्काच्या प्रश्नात मूळ धरते. म्हणून मोजणीबरोबर पुढील चार गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट, जमीन कोणाची व वापर कोणाचा. सातबाऱ्यावर मालक म्हणून सरकार, देवस्थान, लष्कर किंवा गायरान लिहिलेले असेल. परंतु तेथे गुरे कोणाची चरतात, सरपण कोण नेते, हे उताऱ्यावर सापडत नाही. गुराख्यास न विचारता कुंपण घातले तर ते कुंपण पहिल्याच उन्हाळ्यात तुटते, आणि दोष मात्र त्याच्या माथी येतो.

दुसरी गोष्ट, निर्णय कोणी केला. तरुणांचे कार्य म्हणजे तरुणांनी मेहनत करावयाची व निर्णय दुसऱ्यांनी करावयाचा, असे असेल तर ते तरुणांचे कार्य नव्हे. उलट तरुणांनी गावास डावलून सर्व ठरविले असेल, तर ते गावाचे कार्य नव्हे. सभेचे इतिवृत्त पाहावे. स्त्रिया व भूमिहीन सभेस होते काय, कोणी विरोध केला होता काय, व त्या विरोधाचे पुढे काय झाले, ते वाचावे. ज्या इतिवृत्तात कधीच कोणाचा विरोध नोंदलेला नाही, ते सावधपणे वाचावे.

तिसरी गोष्ट, लाभ कोणास पोहोचला. मजुरी कोणास मिळाली, विक्रीचा पैसा कोणत्या खात्यात गेला, हिशेब उघड वाचला जातो काय. पूर्वी मेंढ्याकडील बांबू भाडेपट्ट्याने कागद-गिरणीस जात असे. आता त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे होतो. वन तेच, बांबूही तोच. फरक पडला तो हिशेब कोणापुढे होतो यात.

चौथी गोष्ट, तंटा वाढला की निवळला. कार्य सुरू होण्यापूर्वी त्या वन-पाण्यावरून किती तक्रारी होत, आता किती होतात, आणि त्या कोठे मिटतात, हे विचारावे. गावातल्या गावात मिटू लागल्या असतील तर ते कार्याचे मोठे फळ समजावे.

पाहणी करणाऱ्याने सांभाळावयाच्या गोष्टी

महसुली पंचनाम्यात हजर असलेल्यांची नावे व सह्या घेण्याची रीत आहे. तंट्याच्या मुलखात ही रीत जशीच्या तशी लावू नये. दोन्ही बाजूंस शस्त्रे असताना अमुक माणसाने अमुक सांगितले असे लिहिणे म्हणजे त्या माणसास धोक्यात घालणे होय. तेथे वस्तूची नोंद तपशीलवार करावी. माणसाची नोंद त्याच्या संमतीशिवाय करू नये. कोण आले, कोण गेले, रात्री कोण जेवले, असे प्रश्न वनाच्या पाहणीत विचारूच नयेत. पाहणीस पोलिसांबरोबर किंवा एखाद्या पक्षाच्या गाडीतून जाऊ नये, कारण त्यानंतर मिळणारी उत्तरे पाहुण्यास पाहून दिलेली असतात.

कार्यात मध्यंतरी खंड पडला असेल तर त्याचे कारण विचारावे. बंदमुळे, शोधमोहिमेमुळे किंवा पुराने वाट तुटल्यामुळे पडलेला खंड आळस म्हणून लिहू नये. खंडानंतर मंडळी पुन्हा कामास लागली असतील, तर ती जमेची बाजू होय. ज्या तुकड्यापर्यंत जाता आले नाही, तो पाहिला नाही असे स्पष्ट लिहावे; शेजारच्या तुकड्यावरून त्याचा आकडा भरू नये. आणि तयार झालेला अहवाल प्रथम त्या गावाच्या सभेत, त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा. ज्यांचे वन मोजले, त्यांस आकडा मागाहून वृत्तपत्रातून कळू नये.

आपल्याकडे काय करावे

मावळातील टेकड्यांवर गवत वाळले की माघ-फाल्गुनापासून वणव्याचे भय असते. लोणावळ्याकडे धो धो कोसळणारा पाऊस देहूरोडपर्यंत येता येता पुष्कळ कमी होतो व माथ्यावरची माती पातळ आहे. अशा ठिकाणी लावणीच्या दिवशी शंभर माणसे येण्यापेक्षा चैत्र-वैशाखात दहा माणसे पाणी घालावयास व जाळरेषा काढावयास येणे अधिक मोलाचे. मंडळींकडे पहिला प्रश्न हाच करावा की, होळीनंतर तुमच्यापैकी कोण येणार.

दुसरा प्रश्न झाडांच्या जातीचा. लवकर वाढून छायाचित्रात हिरवे दिसते म्हणून गिरिपुष्पासारखे परके झाडच सर्वत्र लाविले, तर गुरांस, पाखरांस व गावास त्याचा उपयोग थोडा. करंज, जांभूळ, हिरडा, आपटा, उंबर ही सावकाश वाढणारी परंतु येथलीच झाडे आहेत. त्यांस मोजणीत थोडा अधिक अवकाश द्यावा.

वर्गणीविषयी आमची सूचना अशी आहे की, संस्थेने रक्कम एकदम देऊ नये, तीन हप्त्यांत द्यावी. पहिला हप्ता गुराख्यांशी व जमिनीच्या वापरकर्त्यांशी बोलणे होऊन खड्डे तयार झाल्यावर. दुसरा पहिल्या उन्हाळ्यानंतर गुंठ्याची मोजणी झाल्यावर. तिसरा तिसऱ्या उन्हाळ्यानंतर. दुसऱ्या व तिसऱ्या हप्त्याची रक्कम पहिल्याहून मोठी असावी, कारण खरा खर्च पाण्याचा व राखणीचा असतो. मोजणीस मंडळींपैकी दोघे, संस्थेचे दोघे व टेकडीवर गुरे चारणाऱ्यांपैकी एक असे पाच जण असावेत. रोपे कमी जगली म्हणून रक्कम तोडण्याची घाई करू नये. मंडळींनी मेलेली रोपे प्रामाणिकपणे मेलेली म्हणून दाखविली असतील, तर त्यांस पुढचे पाऊल टाकू द्यावे. मात्र मेलेले रोप जिवंत म्हणून लिहिलेले आढळले, तर हप्ता थांबवावा.

मेंढ्याच्या त्या तरुणांच्या कामास आज चाळीसांहून अधिक वर्षे झाली. त्यांची पारख आपण आज करू शकतो, ती त्यांनी केलेले नियम पुढच्या पिढीने पाळले म्हणून. येथील मुलांच्या टेकडीचीही पारख तशी कधीतरी होईल. तोवर मोजणीचे टिपण दरवर्षी लिहून संस्थेच्या दप्तरी ठेवावे, म्हणजे पुढे पाहणाऱ्यास आधार मिळेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पाच एकरांवर ११ फूट अंतराने किती रोपे बसतील? पाच गुंठ्यांच्या मोजणीत ४५ पैकी २७ जगलेली आढळली, तर एकंदर किती जगली असे धरावे?

२. आपल्या गावाजवळच्या एका टेकडीचा उतारा काढून त्यावरील नोंद व प्रत्यक्ष वापर यांत काय फरक आहे ते लिहा.

३. आपल्या गावात उभे असलेले कोणते वन किंवा देवराई आहे? तिची राखण कोण करते, व ती राखण थांबल्यास काय होईल?

४. मोजणीत एखाद्या माणसाचे नाव लिहिणे केव्हा योग्य व केव्हा धोक्याचे, याची प्रत्येकी दोन उदाहरणे द्या.